काशीत भाव ठरतो, पण कशाचा?

'काशीस जावे नित्य वदावे' असं आपल्याकडे म्हणतात. काशीकर स्वतः मात्र वेगळंच ऐकवतात: 'रांड, साँड, सीढ़ी, संन्यासी, इनसे बचे तो सेवे काशी.' त्यातले सांड गल्लीत अजून वाट अडवून उभे असतात आणि घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्याही पाय घसरवतात. दोन दिवसांसाठी येणाऱ्याचा खिसा मात्र वेगळीच मंडळी हलका करतात, आणि त्यांची एक खुबी आहे. ती धादांत खोटं फारसं बोलत नाहीत. भाव सांगतात, तो तुम्हाला पटतो, आणि भाव नेमका कशाचा हे मोघम ठेवतात. माणशी की अख्ख्या नावेचा? सवारीचा की पूर्ण रिक्षेचा? ताण्यातल्या, म्हणजे उभ्या धाग्यांतल्या, रेशमाचा की सगळ्या साडीचा? हिशेब चुकता करायची वेळ येते तेव्हा सामान, मोबाईल किंवा तुम्ही स्वतः त्यांच्या ताब्यात असता.

पहिली टोपी घरबसल्याच घातली जाते. भक्तनिवास किंवा धर्मशाळा शोधताना नकाशावर किंवा जाहिरातीत जो नंबर दिसतो, तो दर वेळी त्या वास्तूचाच असेल असं नाही. खऱ्या संस्थेच्या नावाने बनावट पान, खरेच फोटो आणि फक्त नंबर वेगळा. पलीकडचा माणूस अगदी मर्यादेने बोलतो, आधार कार्ड मागवतो आणि सगळं भाडं आगाऊ घेतो. खूण एकच: पैसे व्यक्तीच्या नावावर जातात, संस्थेच्या नाही. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं, ते वाचा. पुढचा डाव परताव्याचा असतो. 'जास्त पैसे आले, परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा.' पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून निघणार.

स्थानकाचं नावही पक्कं करून निघा. मुंबईची महानगरी वाराणसी जंक्शनला येते, त्याला सगळे 'कॅन्ट' म्हणतात. पुण्याची ज्ञानगंगा बनारस स्थानकाला येते, म्हणजे जुन्या मंडुवाडीहला. पाटणा-हावड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मात्र पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवर, जुन्या मुगलसरायला उतरवतात. तिथून गोदौलिया, म्हणजे घाटांजवळचा मुख्य चौक, सुमारे १६-१७ किलोमीटर, तेही गंगा ओलांडून. कॅन्टपासून तेच अंतर जेमतेम ४-५ किलोमीटर. हा फरक माहीत नसलेल्या प्रवाशाला कॅन्टवरही मुगलसरायचाच भाव सांगितला जातो. ई-रिक्षाला इथे 'टोटो' म्हणतात. तो सवारीवर, म्हणजे माणशी भाड्यावर चालतो, पण सामान आणि म्हातारी माणसं दिसली की वीस रुपयांच्या सवारीचा दोनशेचा 'रिझर्व' होतो, म्हणजे अख्ख्या रिक्षेचं भाडं. बसण्याआधी एवढं हिंदी पुरतं: 'रिझर्व नहीं, सवारी. गोदौलिया तक एक आदमी का कितना?'

गोदौलियाच्या पुढे घाटाकडे गाड्या बहुतेक वेळा सोडत नाहीत, उरलेलं अंतर पायीच. विश्वनाथ मंदिराच्या दुसऱ्या बाजूने यायचं तर मैदागिन चौकात उतरायचं. इथेच 'वो होटल तो बंद हो गया' हे वाक्य कानावर पडतं. हॉटेल बंद झालेलं नसतं, रिक्षावाल्याला दलाली दुसऱ्या हॉटेलातून मिळते. हॉटेलवाल्याशी आधीच बोलून ठेवा आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांचाच माणूस बोलवा. त्या गल्ल्यांत नकाशावरचा निळा ठिपका भिंतीतून चालतो.

विश्वनाथाच्या दर्शनाला पैसे लागत नाहीत. आजचं मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी बांधलं, धामाचा मोठा परिसर १३ डिसेंबर २०२१ रोजी खुला झाला आणि तेव्हापासून गर्दीला सुमार नाही. रांग टाळण्यासाठी 'सुगम दर्शन' आहे, पण त्याची पावती मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्याच काउंटरवर मिळते. गल्लीतला 'पंडितजी' दोनपैकी एक करतो: तीच पावती काढून तिप्पट-चौपट पैसे घेतो, किंवा पावती न काढताच फुकटच्या रांगेत नेऊन उभं करतो आणि सुरक्षा तपासणीपाशी दिसेनासा होतो. पावतीवर आपलं नाव छापलेलं पाहिल्याशिवाय पैसे सोडू नयेत.

मराठी माणसाचा इथे पंचांगामुळेही घोटाळा होतो. उत्तरेचा श्रावण पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा, आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होणारा. आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो तेव्हा काशीत सावन लागलेला असतो, कावडवाल्यांनी रस्ते भरलेले असतात आणि सावनच्या सोमवारी खास दर्शनाच्या सोयी बंद किंवा मर्यादित असतात. 'श्रावणाच्या आत उरकून घेऊ' म्हणून निघालेलं कुटुंब नेमकं त्या गर्दीत सापडतं आणि 'मी आत सोडतो' म्हणणाऱ्याच्या हाती अलगद लागतं.

मंदिरात मोबाईल आणि स्मार्टवॉच चालत नाही. बाहेरच्या प्रत्येक दुकानावर पाटी: 'लॉकर फ्री'. लॉकर खरंच फुकट असतो. किल्लीबरोबर हातात येणारी टोपली मात्र फुकट नसते. दूध, बेल, माळ, पेढे, त्यावर एखादं वस्त्र. भाव विचारला तर 'आप दर्शन करके आइए, बाद में'. परत आलात की टोपलीचे पाचशे, अकराशे, काय वाटेल ते, आणि तोवर मोबाईल त्यांच्या कपाटात. सगळ्यात सोपं म्हणजे मोबाईल खोलीवरच ठेवायचा. नाहीतर न्यासाचे लॉकर वापरायचे. दुकानातच ठेवायचा झाला तर टोपली हातात घेण्याआधी आतल्या एकेका वस्तूचा भाव विचारून नको त्या काढून ठेवायच्या. मोबाईल नसताना घरची माणसं चुकतात, तेव्हा आत शिरण्याआधी भेटायची जागा ठरवून ठेवा. चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'चला, मी नेतो' म्हणणारे तिथे लगेच भेटतात.

धार्मिक विधींत मोठी रक्कम जाते, आणि तिथे आपण बोलतही नाही. काशीत मराठी पुरोहितांची जुनी घरं आहेत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या बाजूला मराठी आजही ऐकू येतं आणि खरे तीर्थोपाध्याय वह्यांत कुळांच्या नोंदी ठेवत आले आहेत. याच विश्वासावर दलाल जगतो. घाटावर मोडकं मराठी बोलत जवळ येतो, गाव आणि आडनाव तुमच्याच तोंडून काढून घेतो आणि दहा मिनिटांनी तेच 'वहीत सापडलं' म्हणून ऐकवतो. वही पाहायची असेल तर आडनाव आणि गाव एवढंच सांगा. आजोबांचं नाव त्याला वाचून दाखवू द्या.

खरी मेख संकल्पात आहे. तुम्ही बसता, ओंजळीत पाणी, दर्भ, अक्षता येतात, मंत्र सुरू होतात. मध्येच तो सांगतो, 'म्हणा, पितृतृप्त्यर्थं एकादशसहस्र...' तुम्ही मागोमाग म्हणता. पाणी सोडल्यावर कळतं की आपण अकरा हजारांची दक्षिणा बोललो. आता मागे फिरणं म्हणजे पितरांना दिलेला शब्द मोडणं, असं वडिलांच्या फोटोसमोर सांगितलं जातं. त्यानंतर गोदान, ब्राह्मणभोजन, शय्यादान, एकेकाचे वेगळे. भीड ही भिकेची बहीण, ती इथे पुरेपूर पटते. बसण्याआधी, ओंजळ कोरडी असतानाच, एकच आकडा कागदावर लिहून घ्या: सामग्री, दक्षिणा, भोजन, घाटावरचा खर्च सगळं धरून. संकल्पात रक्कम आली तर हात खाली ठेवून 'यथाशक्ती' म्हणा. तो शब्द शास्त्रातलाच आहे आणि कुठलाही जाणता पुरोहित त्याला हरकत घेत नाही. गावच्या गुरुजींकडून ओळखीचं घर विचारून जाणं अर्थातच सगळ्यात बरं.

कालभैरवाला पाठीवर मोरपिसांचा झाडू बसतो आणि हातात काळा दोरा येतो. दहा-वीस रुपये ठेवून पुढे व्हा, वाद घालू नका. 'एकमुखी रुद्राक्ष' दाखवणाऱ्याकडे थांबूही नका. पाण्यात बुडतो तो खरा ही परीक्षा निरर्थक आहे, कारण कोरून किंवा चिकटवून बनवलेला मणीही बुडतो.

आता नदी. गंगा इथे उत्तरवाहिनी, म्हणजे अस्सीकडून दशाश्वमेध, मणिकर्णिका करत राजघाटाकडे वाहते. हे ठाऊक नसल्यामुळे पुढचा खेळ जमतो. अस्सीला 'सब घाट दिखाएँगे' म्हणून माणशी भाव ठरतो. प्रवाहाबरोबर नाव झरझर दशाश्वमेधाला येते आणि नावाडी म्हणतो, 'यहीं उतरिए.' परतीला प्रवाहाविरुद्ध वल्हवायचं असतं, ते त्याला नको असतं. मणिकर्णिकेपर्यंत जायचं तर वेगळे, परत अस्सीला सोडायचं तर आणखी. नदीच्या मध्यावर घासाघीस करणाराच हरतो. म्हणून काठावरच विचारा: 'पूरी नाव का, मणिकर्णिका तक, वापस अस्सी, सब मिलाके?' पैसे परत आल्यावर द्या. चप्पूची, म्हणजे वल्ह्यांची, नाव हवी की मोटारीची तेही आधी बोला. मोटारीची नाव घाटावरून इतकी भरकन जाते की तासाचा भाव पाऊण तासात संपतो. जीवरक्षक जाकीट नसेल तर दुसरी नाव घ्या. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद होतात. तरीही 'हम ले जाएँगे' म्हणणारा कोणी निघतोच, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दशाश्वमेधाची संध्याकाळची आरती कुणाच्याही मालकीची नाही, पायऱ्यांवर बसायला तिकीट नाही. नावेतून पाहायला हरकत नाही, आरती करणाऱ्यांची तोंडं नदीकडेच असतात, त्यामुळे समोरून दिसते. पण 'एकदम आगे' म्हणून विकलेली नाव बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या ओळीत बांधलेली असते आणि पुढच्या नावा सुटल्याशिवाय तुमची हलत नाही. तासभर आधी पायऱ्यांवर जाऊन बसलं तर एक पैसा न देता चांगली जागा मिळते. पूर चढला की आरती वर छतावर हलते, त्या दिवसांत आधी ठरवलेल्या नावेचे पैसे परत मिळवायला वेगळी आरती करावी लागते.

मणिकर्णिकेवर साधा, शांत बोलणारा माणूस जवळ येतो. 'मी पैसे मागत नाही, मी इथे सेवा करतो.' एखाद्या जुन्या इमारतीच्या सज्ज्यात नेतो, चिता दाखवतो, मरणाची वाट पाहत पडलेल्या निराधारांची गोष्ट सांगतो आणि शेवटी लाकडाचा भाव. एका दहनाला कित्येक मण लाकूड लागतं हे खरं, आणि घाटावर मोठ्या तराजूवर ते तोलून विकलंही जातं. पण तुम्ही 'पाच किलो'चे म्हणून दिलेले पैसे त्या तराजूपर्यंत पोचत नाहीत. नकार दिला तर आवाज बदलतो, आणखी दोघेजण जिन्यात येऊन उभे राहतात. सज्ज्यात चढूच नका. फोटोही काढू नका, आणि 'काढा, चालतं' म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. त्याचाच जोडीदार पुढच्या मिनिटाला 'दंड' मागायला येतो.

साडीकडे थोडा वेळ द्यावा लागेल. रिक्षावाला किंवा वाटाड्या 'बुनकर का घर, फॅक्टरी रेट' म्हणून नेतो तिथे हातमाग असतो, त्यावर कुणीतरी बसलेलाही असतो. तो दाखवायचा माग. विक्रीच्या खोलीतला माल बहुधा यंत्रमागावरचा, आणि नेणाऱ्याची दलाली त्या भावातच बसवलेली. यंत्रमागाची साडी वाईट नसते, ती हातमागाच्या भावात विकणं वाईट. दोन-अडीच हजारांत शुद्ध कतानची, म्हणजे पीळ दिलेल्या रेशमी धाग्याची, हातमागावरची कढुवा साडी (एकेक बुट्टी वेगळी भरलेली) मिळत नाही, दुकानदार कितीही शपथा घेवो.

दुकानदार धागा जाळून दाखवतो. रेशीम केसासारखं जळतं, तसाच वास येतो, राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. परीक्षा बरोबर आहे, धागा चुकीचा असतो. तो पदराच्या गोंड्यातला, म्हणजे ताण्याचा धागा ओढतो. ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, पॉलिस्टरचा अशा साड्या भरपूर विणल्या जातात. कापलेल्या कडेशी सुटलेला आडवा धागाही तुमच्या हाताने ओढून जाळायला लावा. मग साडी उलटी करा. कढुवात प्रत्येक बुट्टी वेगळी भरलेली असते, मागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागे लोंबत नाहीत. फेकवा या दुसऱ्या, स्वस्त पद्धतीत ते आडवे जातात किंवा कापलेले दिसतात. येवल्याची हातमागाची पैठणी उलटसुलट सारखी दिसते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मागची बाजू वाचायला वेळ लागत नाही. हातमागाच्या काठावर बहुधा टोचलेल्या बारीक भोकांच्या खुणा असतात. सिल्क मार्कचं लेबल पाहा, पण त्याचा अर्थ एवढाच की रेशीम शुद्ध आहे. हातमागाची खूण वेगळी, हँडलूम मार्क. बनारसी साडीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून 'जीआय वाली है' एवढं ऐकून गळाला लागू नका. बिलावर 'शुद्ध कतान, हातमाग' हे शब्द लिहून मागा. लिहायला कां-कूं झाली की उत्तर मिळालं. साडी कुरियरने मागवणार असाल तर आतल्या कोपऱ्यावर पेनाने बारीक सही करा आणि सहीसकट फोटो काढा. पार्सलमध्ये दुसरीच साडी येणं हा जुना धंदा आहे.

सारनाथ शहरापासून दहाएक किलोमीटर. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. हे माहीत असूनही काही रिक्षावाले शुक्रवारीच पूर्ण दिवसाचा भाव ठरवतात आणि उरलेला वेळ साडीच्या दुकानात भरून काढतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडण्याची शक्यता जास्त. त्यानंतर बँक, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंद. घाटावर कुणी अडवून धरलं तर ११२. पर्यटकांसाठी १३६३ हा क्रमांक आहे, रेल्वेसाठी १३९. तक्रारीत नावाडी असेल तर नावेवर रंगवलेला क्रमांक, रिक्षा असेल तर मागची नंबरप्लेट लागते. म्हणून नावेत पाय ठेवण्याआधी त्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. फोटो काढताना बघितलं की भावसुद्धा पुष्कळदा जागेवर येतो.