झिरो डिले यूएसबी सेट : पहिल्या आर्केड कॅबिनेटसाठी घ्यावा, पण लग तपासून

दोघांनी खेळायच्या आर्केड कॅबिनेटसाठी (गेम पार्लरमधल्यासारखी खेळाची पेटी) ऑनलाइन सहज सापडणारा स्वस्त माल म्हणजे झिरो डिले एन्कोडरचा (बटणांचे संकेत यूएसबीने संगणकाला कळवणाऱ्या बोर्डाचा) सेट. डब्यात सहसा दोन एन्कोडर बोर्ड, दोन जॉयस्टिक, ३० मिमीची १६ बटणे, स्टार्ट आणि कॉइनसाठी २४ मिमीची ४ बटणे, दोन यूएसबी केबल आणि टोकांना लग (पातीवर दाबून बसवायची धातूची टोपी) लावलेल्या तयार वायरी निघतात. डब्यावर बहुधा कोणत्याच कंपनीचे नाव नसते. संगणकाला जोडल्यावर बरेचसे बोर्ड ‘ड्रॅगनराइज’ या नावाने दिसतात. सोल्डरिंग लागत नाही. पहिल्यांदाच वायरिंग करणाऱ्याने हाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बोर्ड चांगला, बटणे ठीक, जॉयस्टिक कामचलाऊ. खरी कच्ची बाजू आहे ती वायरीच्या टोकाच्या लगची, आणि गोव्याच्या हवेत तीच आधी दगा देते.

बटणाच्या मायक्रोस्विचला (बटणाखालच्या छोट्या स्विचला) २.८ मिमी रुंदीच्या चपट्या पात्या असतात. त्यांवर लग सरळ दाबायची; तळाला टेकेपर्यंत गेली पाहिजे. मग वायर लगच्या अगदी जवळ धरून हलके ओढून पाहायचे. सुटली तर लग काढून तिच्या वळवलेल्या दोन्ही कडा नोज प्लायरने किंचित आवळायच्या. जास्त आवळली तर दाबताना पातीच वाकते. लग हातात आहे तोवर तिची मागची बाजू उजेडात धरून बघा. तिथे पंखांच्या दोन जोड्या असतात : पुढची जोडी तांब्याच्या तारांना चावते, मागची वायरीचे आवरण धरते. स्वस्त सेटमध्ये पुढची जोडीही आवरणालाच चावलेली आढळते आणि सगळा संपर्क बाजूला निसटलेल्या दोन-चार तारांवर चालतो. अशी वायर जानेवारीत बिनतक्रार चालेल. पावसाळ्याचे चार महिने आणि किनाऱ्याची खारी हवा खाल्ली की त्या तारा हिरवट पडतात आणि बटण कधी लागते, कधी लागत नाही. मग माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. बोर्ड बहुतेक वेळा निर्दोष असतो.

म्हणून सेटबरोबरच २.८ मिमीच्या, कथिलाचा मुलामा असलेल्या पितळी लगचे एक पाकीट आणि साधी क्रिंपिंग पक्कड (लग वायरीवर दाबून बसवणारी) मागवा. म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत सहसा मिळते ती ६.३ मिमीची लग. ती या पातीवर सैल लटकते, उपयोगाची नाही. अमेरिकन धाटणीची मोठी बटणे घेतली असतील तर त्यांना ४.८ मिमीची लग लागते. सांधा सुटू नये म्हणून तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. वर्षातून एकदा, चवथीच्या आधी, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो.

वायरिंग खरोखर सोपे आहे. बोर्डावर प्रत्येक बटणासाठी दोन पिनांची पांढरी जागा असते. त्यातली एक पिन सिग्नलची, दुसरी ग्राउंडची. ग्राउंडची वायर बटणामागून बटणाला फिरवत न्यावी लागत नाही. साध्या बटणाला उलटसुलट लागत नाही. दोन्ही वायरी कुठल्याही पातीवर चालतात. दिव्याच्या बटणात मात्र दिव्याला प्लस-मायनस असते : उलटे लावले तर बटण चालते पण उजळत नाही. कुठले बटण कुठल्या जागी, हे पुढे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. तरी दोन्ही बोर्डांवर एकच क्रम ठेवा, नाहीतर वर्षाने झाकण उघडल्यावर काहीच उमगत नाही. ऑटो, टर्बो आणि मोड लिहिलेल्या जागा रिकाम्या ठेवा. टर्बोत चुकून बटण गेले आणि ते दुसऱ्या बटणाबरोबर दाबले गेले, की ते दुसरे बटण धरून ठेवल्यावर आपोआप धडाधड चालू-बंद होत राहते.

तीन पात्यांचा मायक्रोस्विच असेल तर त्यावर कॉम, एनओ आणि एनसी अशी अक्षरे असतात. वायरी कॉम आणि एनओवर. एनसीवर लावल्या तर बटण न दाबताच दाबलेले दिसते आणि दाबल्यावर सुटते. मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासा : बटण दाबल्यावरच बीप आला पाहिजे.

सेटमधली जॉयस्टिक पाच वायरींच्या एकाच प्लगने जोडली जाते. प्लगला खाच असते, जोर करू नका. दिशा फिरलेल्या वाटल्या, म्हणजे वर ढकलल्यावर डावीकडे जाते, तर जॉयस्टिक फळीखाली ९० अंशांत फिरलेली असते. स्क्रू काढून सरळ बसवा. चार सुटे मायक्रोस्विच असलेली जॉयस्टिक घेतली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : दांडा मध्ये टेकलेला असतो, त्यामुळे वर ढकलला की त्याचे खालचे टोक तुमच्याकडे येते आणि तुमच्या बाजूचा स्विच दाबते. ‘वर’ची वायर त्या जवळच्या स्विचला जाते, ‘डावी’ची उजव्याला. पहिल्या वायरिंगमध्ये सर्वाधिक डोकेदुखी याचीच. आणखी एक. पॅकमॅन (१९८०) किंवा डाँकी काँग (१९८१) चार दिशांचे खेळ आहेत. आठ दिशांच्या दांड्यावर ते वळणावर अडखळतात. काही जॉयस्टिकच्या तळाची चौकोनी पट्टी ४५ अंश फिरवली की दांडा चार दिशांचा होतो. विकत घेण्याआधी फोटोत ती पट्टी बघा.

आता लाकूड. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) स्वस्त आणि गुळगुळीत मिळते, पण गोव्यात कापलेल्या कडेतून ओल धरून ते फुगते, भोकांच्या कडा सुटतात. नियंत्रणाच्या फळीला तरी मरिन प्लाय वापरा, आणि भोकांच्या आतून वार्निशचा हात द्या. सेटमधली बटणे बहुधा खटक्याची असतात. त्यांचे खटके पातळ पत्र्यासाठी बनवलेले. १२ मिमीच्या प्लायमध्ये ते पकडतच नाहीत आणि जोरात खेळले की बटण वर येते. ऑर्डर देताना नट आणि आटे असलेली बटणे मागा. मेस्ताला (सुताराला) भोक ३० मिमी असे लिहूनच द्या. सव्वा इंची कटर म्हणजे जवळपास ३२ मिमी, त्यात बटण हलते. जॉयस्टिकसाठी खालून खाच मारून तिथे ६ मिमीच्या आसपास लाकूड राखले तर दांडा पुरेसा वर येतो.

फळीवर काहीही बसवण्याआधी टेबलावर एक बटण, एक जॉयस्टिक जोडून चाचणी घ्या : विंडोजवर ‘जॉय डॉट सीपीएल’, लिनक्सवर ‘जेएसटेस्ट’. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर दोन्ही बोर्ड एकाच नावाचे दिसतात आणि कुठला खेळाडू पहिला हे यूएसबी पोर्टवरून ठरते. केबलवर १ आणि २ लिहून ठेवा, पोर्ट बदलू नका. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा हवा. पडद्यावर विजेचे चिन्ह आले तर पुरवठा कमी पडतोय. आवाजाचा अँप्लिफायर त्याच ५ व्होल्टवर टाकला की गुणगुण ऐकू येते, त्याला वेगळा अडॅप्टर द्या. आणि वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडू शकते. पावसाळ्यात इथे वीज जाणारच, तेव्हा लहान यूपीएस या यादीतला ऐच्छिक भाग समजू नका.

नावात ‘झिरो डिले’ असले तरी विलंब शून्य नाही. यूएसबीवर संगणक बोर्डाला सेकंदाला १२५ वेळा विचारणा करत असेल, तर नुसती तीच ८ मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेते. साठ फ्रेमच्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. घरच्या खेळाला हा फरक जाणवू नये. फायटिंग गेम गांभीर्याने खेळणाऱ्याने अल्टिमार्क कंपनीचा आय-पॅक २ हा एन्कोडर बघावा. एकाच बोर्डावर ३२ जागा, स्क्रूने आवळायच्या वायरी, त्यामुळे बोर्डाच्या बाजूला लगची भानगड नाही. तो महाग पडतो आणि ग्राउंडची माळ स्वतः ओवावी लागते.

२३० व्होल्टची बाजू मात्र शिकाऊ हाताने करू नये. फ्यूज असलेले सॉकेट, तीन पिनी प्लग, हिरवी अर्थ वायर धातूच्या कॉइन डोअरपर्यंत. हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मेनची वायर बटणांच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधू नका.

जुन्या गेम पार्लरचे कॅबिनेट हाती आले असेल, तर हा सेट घेऊच नका. आत ५६ टोकांचा जॅमा कनेक्टर (पार्लरच्या यंत्रांतली खेळाचा बोर्ड जोडायची ठराविक जोडणी) असेल तर ती वायरिंग कापणे म्हणजे चांगली वस्तू वाया घालवणे आहे. जॅमावर चालणारा बोर्ड आणा. आधी एसएमपीएसचे (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे) ५ व्होल्ट बोर्ड जोडलेला आणि चालू असताना कनेक्टरपाशी मोजा. ५.० ते ५.१ च्या दरम्यान येईपर्यंत एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवा. आत जुनी काचेची पिक्चर ट्यूब असेल तर तिच्या मागे हात घालू नका. वीज बंद केल्यावरही तिथे हजारो व्होल्ट साठून राहतात.