एएमएच का एफएसएच, कोणती टेस्ट करावी?

मूल राहत नसलं की बाईच्या अंडाशयात बीजं किती शिल्लक ते बघायला रक्तातल्या या दोन हार्मोनच्या टेस्ट असतात: एएमएच अंडाशयातून येतं, अन् एफएसएच मेंदूखालच्या ग्रंथीतून येऊन अंडाशयाला बीज वाढवायला लावतं. आमच्या लातूरकडं आजकाल डॉक्टर पहिल्यांदा एएमएचच लिहून द्यायलेत, आधी मात्र एफएसएचच असायची. फरक असाय की एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्यावी लागते, म्हंजे गावाकडून एसटीनं यायचं तर तारीख धरूनच निघा, अन् सोबत इस्ट्राडिओल (अंडाशयातलं दुसरं हार्मोन) पण बघावं लागतं कारण ते वाढलेलं असलं की एफएसएच उगंच नॉर्मल दिसते. शिवाय दर महिन्याला एफएसएचचा आकडा वर-खाली होतो, १० च्या वर गेला की बीजं कमी झाल्याची शंका, अन् डॉक्टरच्या कपाळाला आठ्या.

एएमएच कुठल्याबी दिवशी चालते, पण महाग असते, अन् गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या तर कमी येऊ शकते. पीसीओएस (अंडाशयात बारीक-बारीक गाठी दिसतात, पाळी अनियमित होते तो आजार) असल्यावर उलट जास्त येते, तेव्हा जास्त म्हंजे भारीच असं नसतं बरं का. १ च्या खाली आली की सासरी रडारड सुरू, पण ती फक्त बीजं किती शिल्लक हे सांगते, चांगली का वाईट ते नाही, ते वयावर जास्त असतं. आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) इंजेक्शन किती द्यायचं ठरवायला मात्र माझ्या मते एएमएचच बरी, सोबत सोनोग्राफीत फॉलिकल (बीजाच्या बारक्या पिशव्या) मोजून घ्या.