मराठवाडा की विदर्भ: प्रकल्पाला कुठला विभाग घ्यावा?

भाची एम.ए.च्या प्रकल्पावरून अडलीय. एखाद्या विभागाचा प्रशासकीय इतिहास लिहायचाय, पण कुठल्या?

मराठवाडा दिसायला आटोपशीर. 8 जिल्हे, एकच विभागीय आयुक्त. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य, 1956 ला मुंबई राज्यात. खरी गोम दप्तरात आहे. जुन्या नोंदी बऱ्याचशा उर्दूत आणि मोडीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना सरकारलाही जाणकार गाठावे लागले होते!

विदर्भात 11 जिल्हे, नागपूर आणि अमरावती हे दोन विभाग. वऱ्हाड 1853 ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात, नागपूरचं राज्य 1854 ला खालसा. म्हणजे कहाण्याच दोन. पण इंग्रजी गॅझेटियर हाताशी.

उर्दू-मोडी वाचणारं कुणी घरात असेल तर मराठवाडा घे. मुदत तोंडावर आली असेल तर विदर्भ, तोही फक्त वऱ्हाड.