तारण हरवतं का? नगरमधल्या आठ शनिवारच्या वर्गाबद्दल

जय ख्रिस्त. मी नगरचा. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून चौतीस वर्षं दस्त लिहिले, आता घरी असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या शहरातल्या एका ख्रिस्ती मंडळीनं, म्हणजे चर्चनं, 'तारणाची खात्री' या विषयावर वर्ग घेतला: देवानं दिलेलं तारण, म्हणजे उद्धार, विश्वास ठेवलेल्या माणसाकडून पुढे हरवू शकतं का? आठ शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, फी दोनशे रुपये, त्यात झेरॉक्स टिपणं आणि चहा. मी आठही शनिवार गेलो. पुढचा वर्ग लागणार आहे आणि जावं की नाही असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मी का गेलो ते सांगायला हवं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, वीस वर्षं उपासनेत पेटी वाजवायचा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं त्याच्या बोटांत होती. पुढे नोकरी गेली, दारू लागली, मंडळी सुटली. शेवटची अकरा वर्षं तो प्रभुभोजनाला बसला नाही. 2019 साली गेला. जाण्याच्या आठवड्यात त्यानं मला एवढंच सांगितलं की पेटी विकू नकोस. त्याच्या मातीनंतर घरी प्रार्थनासभा झाली, तिथे बाहेरगावच्या एका उपदेशकानं इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय काढला. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि मग जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य, असं वाचून त्यानं पुस्तक मिटलं. चहाच्या वेळी दुसऱ्या एका पाहुण्यानं आईची समजूत घातली, की बाई, तुमच्या मुलानं खरा विश्वास कधी ठेवलाच नव्हता, म्हणजे हरवायला काही नव्हतंच. आई चौऱ्याऐंशीची आहे. तेव्हापासून ती मला एकच विचारते, "दादा तरला का रे?" चार वर्षं मी या प्रश्नाला बगल देत होतो.

वर्ग चालवणारे पाळकसाहेब निवृत्त आहेत. आवाज बारीक, पण वाचन इतकं स्वच्छ की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द कळतो. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे तारण हरवत नाही असा धीर देणारी वचनं: योहान 10:28, रोमकरांस 8:38-39, फिलिप्पैकरांस 1:6. दुसरीकडे ते हरवू शकतं असा इशारा देणारी: इब्री 6:4-6, इब्री 10:26, 2 पेत्र 2:20-22, योहान 15:6. मग म्हणाले, "आठ आठवडे दोन्ही रकाने पुसायचे नाहीत." आणि खरंच पुसले नाहीत. या वर्गाबद्दल मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. आमच्याकडे या विषयावर बोलणारा माणूस बहुतेक वेळा एकाच रकान्यातली वचनं खिशात घेऊन येतो.

पाळकसाहेब स्वतः पहिल्या रकान्याच्या बाजूचे आहेत, ते त्यांनी लपवलं नाही. म्हणूनच दुसरी बाजू मांडायचं काम त्यांनी वर्गातल्या एका निवृत्त नर्सबाईंना दिलं. त्या मेथडिस्ट घरातल्या, म्हणजे तारण हरवू शकतं असं मानणाऱ्या परंपरेतल्या. त्यांना चौथ्या शनिवारी अर्धा तास मिळाला आणि त्यांनी तो सोन्यासारखा वापरला. योहान 15 मध्ये येशू वेल आणि शिष्य फांद्या आहेत, तिथल्या टाकून दिलेल्या फांदीवर त्या ठाम राहिल्या: फांदी वेलीला होती म्हणूनच ती बाहेर टाकली असं लिहिलंय, जी कधी वेलीला नव्हतीच तिला कोण छाटणार? माझ्या आईला चहाच्या वेळी मिळालेलं उत्तर या एका प्रश्नापुढे टिकत नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. पाळकसाहेबांनी 1 योहान 2:19 काढलं, 'ते आपल्यातून निघाले तरी आपले नव्हते' या अर्थाचं. बाई म्हणाल्या, ते वचन ख्रिस्ताला नाकारून खोटी शिकवण देत फिरणाऱ्यांबद्दल आहे, प्रत्येक थकलेल्या माणसाला ते लावू नका. खोलीत शांतता पसरली. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि ते फळ्यावर लिहून घेतलं.

आता तिसऱ्या शनिवारकडे येतो, कारण तो माझ्या धंद्याचा होता. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या मराठी शास्त्रात 'विसार' म्हटलंय. लहानपणापासून तो शब्द वाचत आलो आणि आयुष्यभर विसारपावत्या लिहिल्या, पण दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ ग्रीक शब्द 'अराबोन' हा व्यापाराचाच शब्द, हिब्रूच्या घराण्यातून आलेला. उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात यहूदा तामारेजवळ मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवतो तिथेही त्याच कुळातला शब्द आहे. मग मला उभं करून म्हणाले, "विसार कोण देतो, ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. विसार घेणारा देतो. म्हणजे जमीन विकत घेणारा. पावतीत तो 'लिहून घेणार' आणि मालक 'लिहून देणार'. घेणाऱ्यानं माघार घेतली तर त्याचा विसार बुडतो. इथे घेणारा देव आहे आणि त्यानं विसार म्हणून आपला आत्माच ठेवलाय. तो माघार घेईल तर बुडणार काय? त्याचा स्वतःचा आत्मा. हे बोलता बोलता माझाच घसा दाटला, मला थोडं थांबावं लागलं.

पण चौतीस वर्षांची सवय जात नाही. मी पुढे विचारलं, की लिहून देणार फिरला तर? आमच्याकडे शंभरातले बहुतेक व्यवहार घेणाऱ्यामुळे मोडत नाहीत, देणाऱ्यामुळे मोडतात. भाव वाढला, भाऊ आडवा आला, मन बदललं. मग विसार परत करायचा, आणि पावतीत तशी अट असेल तर दुप्पट. माणूस असा फिरू शकतो का? पाळकसाहेबांनी 1 करिंथ 6:19-20 काढलं: तुम्ही स्वतःचे मालक नाही, मोलानं विकत घेतलेले आहात. म्हणजे या व्यवहारात आपण लिहून देणार नाहीच, आपण जमीन आहोत, आणि जमीन सौदा मोडत नाही. उत्तर सुंदर आहे. मला ते तीन चतुर्थांश पटलं. उरलेला पाव भाग असा, की त्याच इफिसकरांस पत्रात, 4:30 मध्ये, या जमिनीला सांगितलंय की पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. जमिनीशी असं कोणी बोलत नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो. नर्सबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसल्या.

पाचव्या शनिवारी इब्री 6 आला. त्या दिवशी मला जायचा धीर होत नव्हता. पाळकसाहेबांनी सगळा अध्याय, वीसच्या वीस वचनं, सलग वाचून घेतली. आमच्या घरी उपदेशक सहाव्या वचनावर थांबला होता. सातव्या-आठव्यात जमीन येते: पाऊस पिऊन पीक देणारी एक, काटे-कुसळं देणारी दुसरी. आणि नवव्यात लेखक एकदम सूर बदलतो. प्रियजनहो, असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आम्हांला यापेक्षा चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं म्हणतो. मग अठराव्या वचनात पुन्हा तोच 'अशक्य' शब्द येतो, पण या वेळी खोटं बोलणं देवाला अशक्य, असा. एकाच अध्यायात दोन अशक्य, आणि आमच्या घरात चार वर्षं पहिलाच घुमत होता.

नंतर एकोणिसावं वचन: ही आशा आपल्या जिवाचा नांगर. पाळकसाहेबांनी जहाजाच्या नांगराबद्दल सांगितलं, खाली रुतणारा, न दिसणारा, दोर ताणला तरी धरून ठेवणारा. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती थक्क झाली. ती राहुरीकडची, जन्म शेतात गेला. तिनं समुद्र पाहिलेला नाही. सत्तर वर्षं तिला ते वचन शेतातल्या नांगराचंच वाटत होतं: जीव नांगरून काढणारी आशा. मी म्हटलं, आई, तसंही चुकीचं नाही. ती म्हणाली, "नाही, धरून ठेवणारा पाहिजे मला."

सहावा शनिवार याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाचा होता. योहान 6:39 मध्ये येशू म्हणतो की पित्यानं मला जे दिलंय त्यातून मी काहीही हरवू नये, ही त्याची इच्छा आहे. पाळकसाहेब म्हणाले, आपण विचारतो की माझं तारण माझ्याकडून हरवेल का, जणू ते किल्लीसारखं आपल्या खिशात आहे. इथे मात्र हरवायचं किंवा सांभाळायचं काम पुत्राकडे दिलंय. माझ्यापुरता सगळा वर्ग या एका वाक्यासाठी होता. नर्सबाईंनी लगेच योहान 17:12 दाखवलं, तिथे एकाचा नाश झाला असं लिहिलंय, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याचा. मग पेत्र आणि यहूदा यांच्यावर तास गेला. दोघेही एकाच रात्री पडले, यहूदानं येशूला धरून दिलं आणि पेत्रानं त्याला नाकारलं. पेत्राला मात्र आधीच सांगितलं होतं, की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. लूक 22:32. पेत्र टिकला तो स्वतःच्या विश्वासाच्या जोरावर नव्हे, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. तरी त्याला 'तू वळलास म्हणजे' असंही सांगितलंय, वळायचं त्यालाच होतं, असं बाईंचं. दोघंही खरं बोलत होते.

आता उणिवा. सातवा शनिवार, इतिहासाचा, घाईत उरकला. हॉलंडमध्ये 1610 साली आर्मिनियस या धर्मशास्त्र्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली, आणि त्यातल्या शेवटच्यात त्यांनी हा प्रश्न पक्का न ठरवता शास्त्रातून आणखी तपासायला हवा असं म्हटलं, हे मला नवीन होतं. तिथल्याच डॉर्ट गावी 1618-19 मध्ये भरलेल्या चर्चच्या सभेनं उलट निर्णय दिला: देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो. मेथडिस्टांचे मूळपुरुष वेस्ली पुन्हा दुसऱ्या बाजूला. हे सगळं चाळीस मिनिटांत. कॅथलिकांची शिकवण तर दोन वाक्यांत आटोपली. माझी सून वसईची, कॅथलिक. तिला लहानपणापासून शिकवलंय की गंभीर पापानं कृपा जाते आणि पापनिवेदनात ती परत मिळते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1547 मध्ये हे लिहून ठेवलंय. 'गेलं तर परत मिळतं का' हा प्रश्न त्या बाजूनं किती वेगळा दिसतो! दादाच्या बाबतीत मला तोच हवा होता. त्यावर पूर्ण शनिवार द्यायला हवा.

आणि आपल्याच घरचा इतिहास राहून गेला याचं मला जास्त वाईट वाटलं. नगरला 1831 मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी कॉन्ग्रिगेशनल, म्हणजे डॉर्टच्या बाजूच्या परंपरेतले. 1970 साली नागपूरला अनेक चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा तिच्यात ती परंपरा आली आणि ब्रिटिश मेथडिस्टांचीही आली. म्हणजे एकाच बाकावर दोन्ही रकाने बसलेत, आणि म्हणूनच एका मातीला दोन पाहुणे दोन उत्तरं देऊन गेले. हे कोणी आईला आधी सांगितलं असतं, तर तिला निदान एवढं कळलं असतं की हा वाद दादाच्या आधी चारशे वर्षांपासूनचा आहे.

टिपणं पुसट आहेत, चौथं आणि सहावं पान वाचताच येत नाही. वर्ग पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, कठड्याला एकाच बाजूनं आधार. ज्यांना या विषयाची सगळ्यात जास्त गरज आहे ती म्हातारी माणसं तिथे चढू शकत नाहीत. हे मी मंडळीच्या पंचांना सांगितलंय. वेळ सहाची, सुरुवात सव्वासहाला. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या प्रश्नांसाठी वेगळी वेळ ठेवलेली नाही. मी दादाबद्दल शेवटी, सगळे उठल्यावर, जिन्यात विचारलं.

पाळकसाहेबांनी जिन्यात उत्तर दिलं नाही. मंगळवारी ते घरी आले. आईजवळ बसले, दीड तास. दादा तरला असं ते म्हणाले नाहीत, हरवला असंही नाही. त्यांनी आधी दादाबद्दल विचारलं, सगळं, पेटीपासून दारूपर्यंत, आणि आईला बोलू दिलं. मग योहानाचा सहावा अध्याय वाचला: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. म्हणाले, "बाई, इशाऱ्याची वचनं जिवंत माणसानं परत फिरावं म्हणून दिलीत. त्यांनी मेलेल्या माणसाचं माप काढू नये." आईनं विचारलं, "मग मी काय धरू?" ते म्हणाले, "ज्यानं धरलंय त्याला." आई आता मला दर रविवारी इब्री 6 वाचायला लावते. पूर्वी तो अध्याय घरात कोणी उघडत नव्हतं. मी आठव्या वचनाशी श्वास घ्यायला थांबलो तरी ती म्हणते, "थांबू नको, नांगरापर्यंत वाच."

ज्यांना एका वाक्यात हो की नाही हवंय, त्यांनी या वर्गाला जाऊन निराश होऊ नये. ज्यांच्या मनात भीती घर करून बसलीय, किंवा ज्यांना 'एकदा तारलो म्हणजे कसंही वागलो तरी चालतं' अशी निश्चिंती आलीय, अशा दोघांनीही जावं. मी पहिल्या रकान्याचाच माणूस होऊन बाहेर पडलो, पण दुसरा रकाना पुसायला मी कोणाला देणार नाही. दोनशे रुपये म्हणजे काहीच नाहीत.

जाताना मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र आपलं आपण न्या, तिथे चारच प्रती आहेत. वही न्या, टिपणांवर विसंबू नका. पहिल्या तीन रांगांत बसा. सुरुवातीला एक गीत होतं, पण ते पेटीशिवाय गायलं जातं आणि दुसऱ्याच कडव्याला सूर पडतो. दादाची पेटी मी कपाटावरून काढलीय. भात्याला भोक पडलंय, दोन सूर मुके आहेत, दुरुस्तीला टाकली आहे. पुढच्या वर्गाला ती तिथे असेल. वाजवणारं कोणी असेल तर अवश्य या.