फोंड्याजवळचं सीनियर लिव्हिंग, आईचं मन रमलं

आईला इथे येऊन आठ महिने झाले, आधी वाटलेलं कंटाळेल, पण आता फोन केला की म्हणते नंतर कर, घुमट वाद्याची प्रॅक्टिस आहे! मातीचं घुमट मांडीवर घेऊन उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत, 72व्या वर्षी शिकली आणि चतुर्थीला आरतीत वाजवलं पण, मला रडूच आलं. सकाळी योगा, मागे अळू-भेंडीची बाग, सोमवारी मंगेशीच्या पालखीला गाडी नेते. जेवण ठीक, हुमण (गोव्याची माशांची आमटी) मात्र मस्त. एकच तक्रार, पावसात रॅम्प शेवाळतो, आई एकदा घसरली, सांगून महिना झाला तरी रबरी मॅट नाही. तेवढं प्लीज लवकर करा.