कित्तूरची गाडी की व्याख्यानाची खुर्ची?

आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाला यंदा एकच कार्यक्रम परवडणार आहे. इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्माच्या कित्तूर-बैलहोंगलची सहल, नाहीतर बेळगावातच आपल्या भागातल्या बायकांच्या इतिहासावर एखाद्या जाणकाराचं व्याख्यान. आईला घेऊन मी दोन्ही केलंय, म्हणून मला विचारलं.

व्याख्यानाची बाजू कच्ची नाही, हे आधीच सांगतो. किल्ल्यात आणि तिथल्या संग्रहालयात बघायला मिळतात त्या तलवारी, शिल्पं, वाड्याच्या भिंती, ध्रुवतारा बघायची ती भिंतीतली सोय. म्हणजे राणी आणि राणीचंच. चन्नम्माची सून वीरव्वाही तिच्याबरोबर बैलहोंगलच्या कैदेत होती, हे मला खुर्चीत बसून कळलं. कित्तूरचा दत्तक वारस ईस्ट इंडिया कंपनीनं 1824 साली नाकारला, म्हणजे दत्तक नाकारून संस्थानं खालसा करण्यासाठी ओळखला जाणारा गव्हर्नर-जनरल डलहौसी हिंदुस्थानात यायच्या 24 वर्षं आधी, हा हिशेबही तिथलाच. शिवाय इंदिरा संत बेळगावच्या, पण त्यांची कविता कुठल्या किल्ल्यात बघायला जाणार? सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली, 1982 चा देवदासीबंदीचा कायदा, स्वतः त्यातून बाहेर पडून इतर बायकांसाठी झटलेल्या आणि 2018 साली पद्मश्री मिळालेल्या सीतव्वा जोडट्टी, हे सगळं कपाटाच्या काचेआड मावणारं नाही. ते कुणीतरी सांगावंच लागतं.

मग माझं अडलं कुठं? सत्कारात. सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला, ते ठीक. पण दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांनाही शाल! वक्त्या उभ्या राहिल्या तेव्हा पावणेआठ. सुरेख बोलल्या, पण घड्याळाकडं बघत. पुढच्या रांगेतल्या एका आज्जींनी तीनदा हात वर केला, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. सगळीकडं असंच होतं असं नाही म्हणत; मला दोन वेळा हेच भेटलं, एवढंच.

सहलीतही गैरसोयी आहेत. ऊन, गुडघे, घाईघाईनं सांगणारा वाटाड्या. चन्नम्माचं जन्मगाव काकती पुण्याच्या वाटेवर आणि कित्तूर धारवाडच्या, तेव्हा दोन्ही एका दमात करायचा हट्ट नको. 23 ते 25 ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो. गर्दी आवडत असेल तर जा, निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

पण गाडीत जे होतं ते सभागृहात होत नाही. कित्तूरहून बैलहोंगलला जाताना बेलवडी गावाचा विषय निघाला. सभासदाच्या बखरीतली सावित्री देसाईण, जिनं शिवाजी महाराजांच्या फौजेला 27 दिवस दाद दिली नाही, ती आमच्या शेजारच्या कन्नड काकूंची बेलवडी मल्लम्मा. आई म्हणे सावित्री, काकू म्हणे मल्लम्मा. दोघी इरेला पेटल्या. मागच्या सीटवरून कुणीतरी यादवाड गावातल्या शिवाजी महाराजांच्या शिल्पाचा विषय काढला. मल्लम्मानंच ते महाराजांच्या आठवणीत घडवून घेतलं असं सांगतात. मग ज्यांना शाळेनंतर इतिहासाचा ई आठवत नव्हता, त्या बायका आपापल्या आज्ज्यांबद्दल बोलू लागल्या. कुणाची जात्यावर कन्नड ओव्या म्हणायची आणि भांडायची मराठीत. कुणी नवऱ्यामागं चार एकर एकटीनं राखलेले. वाटाड्याला यातलं काही विचारायची गरज पडली नाही.

तरीही ज्यांना लांब बसवत नाही, त्यांच्यासाठी व्याख्यानच बरं, हे मान्य. तसं ठरलं तर हार एकच आणा आणि प्रश्न आभाराच्या आधी घ्या, असं आयोजकांकडून आधीच वदवून घ्या.

मला विचाराल तर पंधरा जणींची गाडी ठरवा. सकाळी सातला निघा, भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर घ्या, दुपारनंतर बैलहोंगलला चन्नम्माच्या समाधीपाशी थांबा. आणि त्या हात वर करणाऱ्या आज्जी आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. त्यांना खिडकीजवळची जागा द्या.