डेबियन, उबुंटू की अल्मालिनक्स? सीमाभागातील सहकारी संस्थेच्या सर्व्हरची निवड

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील एखादी सौहार्द संस्था (कर्नाटकातील सहकारी संस्थेचा एक प्रकार) किंवा साखर कारखाना स्वतःच्या कार्यालयात लिनक्स सर्व्हर ठेवायचे ठरवतो, तेव्हा डेबियन, उबुंटू आणि अल्मालिनक्स या लिनक्स कार्यप्रणालींची चर्चा बहुधा ‘कुणाचा आधार (म्हणजे दुरुस्त्यांची हमी) किती वर्षे’ या एकाच आकड्यावर येऊन थांबते. माझ्या मते हा आकडा दुय्यम आहे. नवी आवृत्ती केव्हा येते, जुनी केव्हा संपते आणि या दोहोंच्या मधल्या काळात आपल्या संस्थेला काम थांबवायला सवड केव्हा मिळते, या तीन गोष्टींचा मेळ बसतो की नाही हे आधी पाहावे.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. मात्र तिची तारीख फार आधी जाहीर होत नाही, कारण गंभीर दोष निस्तरल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही असा त्या प्रकल्पाचा शिरस्ता आहे. १२वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली आणि १३वी ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आधार मिळतो आणि पुढची दोन वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या एक वेगळा गट करतो. या शेवटच्या दोन वर्षांत काही पॅकेजेस (सोबत मिळणारे प्रोग्राम) आधारातून वगळली जातात, त्यामुळे ‘पाच वर्षे’ म्हणताना ती सगळी सारख्या तोलाची नाहीत हे ध्यानात ठेवावे.

उबुंटूचे वेळापत्रक याच्या उलट, दिनदर्शिकेला बांधलेले आहे. दीर्घ आधाराची आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. मधल्या सहामाही आवृत्त्यांचा आधार नऊच महिन्यांचा असल्याने सर्व्हरसाठी त्यांचा विचारही करू नये. जुन्या दीर्घ आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाण्याचा मार्ग पहिल्या दुरुस्ती-संचानंतर खुला होतो. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तो संच ऑगस्टमध्ये आला. एक बारीक अट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. विनामूल्य पाच वर्षांची हमी ‘मेन’ या गाभ्याच्या भांडारापुरती आहे आणि ‘युनिव्हर्स’मधील हजारो पॅकेजेससाठी तशीच हमी हवी असल्यास उबुंटू प्रो ही वर्गणी घ्यावी लागते. वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे, पण संस्थेने ती खर्चाच्या अंदाजपत्रकातच धरावे.

अल्मालिनक्सचा जन्मच एका मोडलेल्या वेळापत्रकातून झाला. रेड हॅट कंपनीच्या सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळणार, या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने तो २०२१ अखेरच संपेल असे जाहीर केले आणि मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्सची पहिली आवृत्ती आली. तिच्या ९व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. दहा वर्षांचा हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो, पण तो मुख्यतः गाभ्याला, म्हणजे कार्यप्रणालीच्या मूळ भागाला, लागू आहे. डेटाबेस, पीएचपी ही वेबसाठीची भाषा यांसारख्या ज्या गोष्टींवर संस्थेचा रोजचा व्यवहार चालतो, त्यांच्या आवृत्त्यांची मुदत बऱ्याचदा त्याहून पुष्कळ कमी असते.

खरी अडचण डेटाबेसपाशी येते. पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत डेटाबेसची मोठी आवृत्ती दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि पाच वर्षे सांभाळली जाते. किरकोळ दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबरमधील दुसऱ्या गुरुवारी ठरलेल्या असतात आणि त्या बसवायला सेवा काही मिनिटे थांबवली तरी पुरते. मोठ्या आवृत्तीची बदली मात्र वेगळेच प्रकरण आहे. शिवाय सभासदांची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये साठवणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. अक्षरांचा क्रम ठरवणारे नियम डेटाबेस सहसा कार्यप्रणालीच्या जीलिबसी या सामायिक प्रोग्रामसंचाकडून उसने घेतो, आणि कार्यप्रणाली बदलली की ते नियमही बदलू शकतात. जीलिबसीच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत ते मोठ्या प्रमाणावर बदलले होते. अशा बदलानंतर नावांवरील इंडेक्स (शोधसूची) नव्याने बांधले नाहीत, तर सभासद नोंदवहीत असूनही शोधल्यावर सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा नोंदले जाते, आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही. कार्यप्रणालीची उडी जितक्या वेळा, तितक्या वेळा हे काम करावे लागणार, हे डेबियन-उबुंटूच्या विरोधात आणि अल्मालिनक्सच्या बाजूने जाणारे सर्वांत सबळ कारण आहे.

आता सवडीचा प्रश्न. सौहार्द संस्थेत ३१ मार्चची वर्षअखेर, त्यामागून लेखापरीक्षण, मग खानापूरकडच्या पावसातला विजेचा लपंडाव, गणेशोत्सव आणि वार्षिक सभा असा क्रम लागलेला असतो. निवांत वेळ मिळतो तो दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत. जून-ऑगस्टमध्ये आलेले डेबियन किंवा ऑगस्टमध्ये मार्ग खुला झालेला उबुंटू तोवर इतरांच्या हाताखालून तीन-चार महिने गेलेला असतो, म्हणून अशा संस्थेसाठी मी डेबियनच सुचवीन. एका आवृत्तीवरून लगेच पुढच्या आवृत्तीवर जागच्या जागी जाण्याची त्याची पद्धत चांगली लिहून ठेवलेली आहे. मधली आवृत्ती गाळून उडी मारण्याला मात्र आधार नाही. संस्थेचे सॉफ्टवेअर पुरवणारा उबुंटूवरच चाचणी घेत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नये.

कारखान्याचे गणित उलटे आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की उसाचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो आणि नोव्हेंबर व फेब्रुवारीतल्या किरकोळ दुरुस्त्यांसाठीसुद्धा पर्यायी सर्व्हर लागतो. मोठी बदली मे महिन्यातच शक्य असते, आणि एप्रिलमध्ये आलेले उबुंटू त्याच मेमध्ये घेणे घाईचे ठरेल. उडी टाळणेच ज्याच्या हिताचे आहे अशा ठिकाणी अल्मालिनक्स शोभते. मात्र त्यावरचे पोस्टग्रेएसक्यूएल त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावे, म्हणजे डेटाबेसची बदली गाभ्याच्या बदलीपासून सुटी करता येते. यंत्र दहा-बारा वर्षांचे जुने असेल, तर खरेदीआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते: अल्मालिनक्सची १०वी आवृत्ती तुलनेने नवे प्रोसेसर मागते, आणि जुन्यांसाठी अल्मालिनक्सने वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली असली तरी बाहेरच्या सगळ्या पॅकेजेस तिच्यासाठी मिळतीलच असे नाही.